पुणे शहराचा दूधपुरवठा

पुणे शहराचा दूधपुरवठा ही पुणे जिल्हा व पश्चिम महाराष्ट्रातील दूध उत्पादकांना पुण्यातील ग्राहकांशी जोडणारी व्यवस्था आहे. सहकारी दूध संघ, खासगी दुग्धप्रकल्प आणि सुट्ट्या दुधाचे गवळी हे तिचे तीन प्रमुख घटक होत. उत्पादकाला मिळणारा दर आणि ग्राहक मोजत असलेली किंमत यांतील तफावत हा या व्यवस्थेतील सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रश्न आहे.

इतिहास

जुन्या पुण्यात दूध मुख्यतः शहरातील व लगतच्या वाड्यांमधील गोठ्यांतून येत असे. गवळी घरोघरी रतीब घालीत व मापाने दूध देत. शहर दक्षिणेकडे वाढत गेले, तशी बिबवेवाडीसारख्या गावांतील शेतजमीन गृहरचना संस्थांनी व्यापली आणि दूध उत्तरोत्तर दूरच्या तालुक्यांतून आणणे भाग पडले. शहरात सुट्ट्या दुधाचा घाऊक व्यापार मात्र टिकून राहिला. गणेश पेठेतील ‘दूधभट्टी’ हे त्याचे परंपरागत केंद्र होय. तेथील भाव आवक व मागणीनुसार बदलतात, आणि कोजागिरी पौर्णिमेच्या सुमारास ते विशेष चढतात.

१९६० मध्ये पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना झाली. बिबवेवाडीच्या दक्षिणेस कात्रज येथे प्रकल्प असलेला हा संघ ‘कात्रज डेअरी’ या नावाने परिचित आहे. शासनाचीही पुण्यात स्वतंत्र दूध योजना होती. सहकारी व खासगी संस्थांच्या वाढीबरोबर तिचे महत्त्व घटले. तिच्या वाकडेवाडी येथील जागेत २०१९ च्या अखेरीस शिवाजीनगर एस. टी. स्थानक तात्पुरते हलवण्यात आले.

खासगी क्षेत्रात भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे सुरू केलेला दुग्धव्यवसाय महत्त्वाचा आहे. या कुटुंबाने १९५० मध्ये पुण्यात ‘चितळे बंधू मिठाईवाले’ ही पेढी सुरू केली. १९९२ मध्ये आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे ‘पराग मिल्क फूड्स’ची स्थापना झाली. ‘गोवर्धन’ ही तिची मुद्रा होय.

संकरित गाईंचा प्रसार

दूध उत्पादनातील वाढीस उरुळी कांचन येथील कार्याने चालना दिली. महात्मा गांधी यांच्या प्रेरणेने १९४६ पासून तेथे राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. गोठवलेल्या रेतनाच्या साहाय्याने कृत्रिम गर्भधारणा करून देशी गाईंचा जर्सी व होल्स्टीन फ्रीजियन जातींशी संकर करण्याचे काम या संस्थेने शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. संकरित गाय देशी गाईपेक्षा पुष्कळ अधिक दूध देते. तथापि, तिला सकस चारा, पेंड, पाणी व पशुवैद्यकीय सेवा अधिक लागते आणि उष्म्याचा त्रासही अधिक होतो. त्यामुळे उत्पादनाबरोबर खर्चही वाढला. शेतकऱ्याचे दूध दराकडे इतके बारीक लक्ष असण्याचे हे एक कारण आहे.

संकलन व प्रक्रिया

उत्पादक सकाळ-संध्याकाळ गावच्या संकलन केंद्रावर दूध घालतात. तेथे स्निग्धांश (फॅट) व स्निग्धेतर घनपदार्थ (एसएनएफ) मोजले जातात आणि त्यांवरून दर ठरतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर सामान्यतः ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून जाहीर केला जातो. गुणप्रत त्याहून कमी भरल्यास दरात कपात होते. दुधाचे पैसे बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी मिळतात.

संकलित दूध थंड करून टँकरने प्रकल्पात नेले जाते. तेथे ते साधारण ७२ अंश सेल्सिअस तापमानाला १५ सेकंद तापवून तत्काळ थंड केले जाते. या क्रियेस पाश्चरीकरण म्हणतात. नंतर स्निग्धांश प्रमाणित करून दूध पिशव्यांत भरतात. टोन्ड दुधात किमान ३ टक्के, तर फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असावा लागतो. उरलेल्या स्निग्धांशापासून लोणी व तूप तयार होते.

दराचा प्रश्न

बिबवेवाडीला लागून असलेल्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात भाजीपाल्याचा भाव रोजच्या आवकेवर ठरतो. संघाला वा प्रकल्पाला दूध घालणाऱ्या उत्पादकास मात्र खरेदीदाराने जाहीर केलेला दर स्वीकारावा लागतो. दूध नाशवंत असल्याने ते राखून ठेवता येत नाही आणि जनावराचे दूध काढणे थांबवताही येत नाही.

पुष्टकाळात, म्हणजे दूध मुबलक असताना, अतिरिक्त दुधाची भुकटी व लोणी केले जाते. त्यामुळे भुकटीचे दर आंतरराष्ट्रीय बाजारात कोसळले की त्याचा परिणाम गावच्या संकलन केंद्रावर दिसतो. पिशवीच्या दुधाची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरत नाही.

अशाच परिस्थितीत १६ जुलै २०१८ रोजी राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दूधकोंडी आंदोलन सुरू केले. शासनाने लिटरला २५ रुपये दर देण्याचे मान्य केल्यावर ते मागे घेण्यात आले. २०२० च्या टाळेबंदीत उपाहारगृहे व मिठाईची दुकाने बंद पडल्याने मागणी घटली. तेव्हा शासनाने अतिरिक्त दूध खरेदी करून त्याची भुकटी करण्याची योजना राबवली. २०२४ च्या आरंभी गाईच्या दुधासाठी लिटरला ५ रुपये अनुदान थेट उत्पादकांच्या बँक खात्यात देण्याचा निर्णय झाला. त्यासाठी जनावरांच्या कानाला ओळख बिल्ला असणे आवश्यक करण्यात आले. जुलै २०२४ पासून ३० रुपये खरेदी दर व ५ रुपये अनुदान अशी रचना लागू झाली.

अनुदानाने तात्पुरता आधार मिळत असला, तरी उसाच्या रास्त व किफायतशीर दराप्रमाणे (एफआरपी) दुधालाही कायद्याचे संरक्षण असावे, ही उत्पादक संघटनांची प्रमुख मागणी राहिली आहे.

हेही पाहा

बिबवेवाडी
कात्रज
उरुळी कांचन
मणिभाई देसाई
धवल क्रांती