वनपिंगळ्याचा पुरावा आणि ऑटोफोकसचा इतिहास

१/ शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये एका दुर्मीळ घुबडाची नोंद झाली. त्याची ओळख माथ्यावरील ठिपक्यांवरून पटते. ते ठिपके छायाचित्रात उमटणे न उमटणे फोकसवर अवलंबून असते. पक्षी आणि यंत्र यांचा हा जोडइतिहास. #थ्रेड

२/ ब्लेविट यांनी १८७२ मध्ये मिळवलेल्या नमुन्यावरून ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये वनपिंगळ्याचे वर्णन केले. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात अखेरचे नमुने गोळा केले. पुढे शतकभर खात्रीची नोंद नाही.

३/ मध्यंतरी कर्नल माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहात १९१४ सालचा एक नमुना होता. तो जुनाच, चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला निघाला. मृत नमुन्यावरील अक्षरेही खोटी ठरू शकतात, हा त्यातला धडा.

४/ २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ जिवंत वनपिंगळा दिसला. आता पुरावा म्हणून पक्षी मारण्याची गरज नव्हती. कॅमेरा पुरेसा होता.

५/ पण गावोगावी आढळणारा ठिपकेवाला पिंगळा दिसायला जवळपास तसाच. त्याचा माथा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला, तर वनपिंगळ्याचा जवळजवळ कोरा. धूसर छायाचित्रात ठिपकेवालाही कोऱ्या माथ्याचा भासतो!

६/ शहापूर-मुरबाडच्या सागवनात पहाटे प्रकाश कमी. म्हणून लेन्सचे छिद्र मोठे ठेवावे लागते. त्याची किंमत अशी : पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमी लेन्स, एफ/२.८, अंतर ८ मीटर, तर स्पष्टतेची खोली जेमतेम १२ सेमी. पक्षी सुमारे २३ सेमी. पुढच्या डहाळीवर फोकस गेला की माथा हरवला.

७/ १९७७ च्या कोनिका सी३५ एएफने स्वयंचलित फोकस बाजारात आणला. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने तो बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत रुजवला. आरशातून वळवलेला प्रकाश तळाशी असलेल्या संवेदकावर पडे. तिथे दोन प्रतिमांतील अंतर मोजून लेन्स किती सरकवायची ते ठरे.

८/ मेख इथेच होती. फोकस मोजला जाई एका जागी, चित्र उमटे दुसऱ्या जागी. दोन्ही वाटांत केसभर फरक असला तरी फोकस पुढे वा मागे पडे. लहान छिद्रात तो झाकला जाई, मोठ्या छिद्रात उघडा पडे. २००७ मध्ये कॅनन १डी मार्क ३ आणि निकॉन डी३ यांनी प्रत्येक लेन्ससाठी सूक्ष्म दुरुस्तीची सोय दिली.

९/ २०१३ च्या कॅनन ७०डीने लाइव्ह व्ह्यूमध्ये मुख्य संवेदकाच्या पिक्सेलांनाच फोकस मोजायला लावले. दोन वाटांचा वाद तिथे मिटला. २०२० च्या ईओएस आर५ ने पक्ष्याचा डोळा ओळखला.

१०/ तरीही पानाआडचा डोळा यंत्राला चकवतो. म्हणून जाणते छायाचित्रकार एकच फोकसबिंदू डोळ्यावर ठेवतात, प्रकाश असेल तर छिद्र एफ/५.६ पर्यंत लहान करतात आणि पडद्यावर चित्र मोठे करून माथा तपासतात.

११/ डेव्हिडसनच्या काळी पुरावा बंदुकीने मिळे. आज तो डोळ्यावर अचूक बसलेल्या फोकसने मिळतो, आणि पक्षी फांदीवरच राहतो.