दामोदर हॉल : छप्पर आणि कारभार

परळच्या दामोदर हॉलविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक रंगभूमीच्या अंगाने लिहिले जाते. कामगारांची नाटके, कोकणातले नमन, शक्ती-तुऱ्याचे सामने यांना ह्या हॉलने आसरा दिला, हे खरेच. परंतु ह्या वास्तूचा दुसराही एक इतिहास आहे आणि तो मागे पडू देणे आपल्याला परवडणारे नाही, असे मला वाटते.

ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली हा हॉल उभारला. वाचन, व्याख्यान, नाटक अशा गिरणी कामगारांच्या अनेक गरजा तेथे भागू लागल्या. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली. विषय होता अस्पृश्यांच्या प्रश्नांसाठी मध्यवर्ती संस्था काढण्याचा. २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिची कचेरी ह्याच हॉलमध्ये थाटली गेली.

या घटनेचे मोल काय? मैदानात सभा भरते. संस्था चालवायला खोली लागते. टेबल, कपाट, जमाखर्चाची वही आणि कोणालाही दार ठोठावता येईल असा पत्ता लागतो. ज्यांना देवळाचे दार बंद आणि गावची विहीर बंद, त्यांना शहरात असा एक पत्ता मिळाला. १९२५ साली सोलापुरात सभेचे वसतिगृह निघाले. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, पण व्यवस्थापक मंडळाची सूत्रे बाबासाहेबांकडे होती. छप्पर दुसऱ्याचे असले, तरी कारभार आपला होता.

मात्र हॉलचे दार उघडले म्हणून गिरणीतले दार उघडले नाही. विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या नावाखाली चांगल्या मजुरीच्या त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. एका छपराखाली बसणारे कामगार साच्यावर मात्र एकत्र नव्हते, हे वर्गाची भाषा बोलणाऱ्यांनी आजही ध्यानात घेतले पाहिजे.

१९८२च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, कामगार प्रेक्षक पांगला. २०२३ साली पुनर्विकासासाठी नाट्यगृह बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला. तो रास्तच होता. पण त्या आवाजात आपलाही आवाज असायला हवा. नव्या वास्तूत खुर्च्या किती, रंगमंच केवढा, एवढेच विचारून भागणार नाही. १९२४ची नोंद तिच्या दर्शनी भिंतीवर असेल काय? आणि चार गरीब माणसांना संस्था काढायची झाली, तर तिथली एखादी खोली त्यांना परवडेल काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे आपणच मागितली पाहिजेत.