आधी विभागणी, मग विवर्धन

मेळघाटातल्या धारणी तालुक्यात अनेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. मराठी त्यांच्या कानावर पडते ती मुख्यतः शाळेत. अशा वर्गात ध्वनिमुद्रित गोष्ट लावली, तर ‘त’ आणि ‘ट’, ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू यायलाच हवेत. व्यंजनांमधले हे फरक बरेचसे २००० हर्ट्‌झच्या वर असतात. घरगुती हाय-फाय संचात आवाजाचे दोन भागही साधारण याच पट्ट्यात पडतात: खालचा वूफरकडे, वरचा ट्वीटरकडे. ही विभागणी कुठे करावी, या प्रश्नाला इतिहास आहे.

१९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी चुंबकाच्या फटीत हलणारे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, असा स्पीकर मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले. १९२६ साली ‘रेडिओला १०४’ या नावाने तो बाजारात आला, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर त्याच खोक्यात होता. शंकू मात्र एकच. त्यामुळे विभागणीचा प्रश्नच नव्हता.

पण मोठा शंकू उंच स्वरांना जड पडतो आणि लहान शंकू खर्जाला पुरेशी हवा ढकलत नाही. म्हणून दोन शंकू आले. निर्वात नळ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर महाग, वजनदार आणि तापणारे. प्रत्येक शंकूला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर कोण देणार? तेव्हा एकाच अ‍ॅम्प्लिफायरची तार खोक्यात नेऊन तिथे कपॅसिटर व वेटोळ्यांनी विभागणी करण्याची रीत रूढ झाली. हा ‘पॅसिव्ह’ स्पीकर.

यातली अडचण फळ्यावर मांडता येते. ८ ओहमच्या ट्वीटरसाठी ३००० हर्ट्‌झवर विभागायचे, तर कपॅसिटर १/(२π × ३००० × ८), म्हणजे सुमारे ६.६ मायक्रोफॅरडचा लागतो. पण हे ८ ओहम वारंवारतेबरोबर बदलतात आणि विभागणीची जागा सरकते. उलट विभागणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी केली, तर तिथे १०,००० ओहमचा स्थिर रोध ठेवता येतो; कपॅसिटर ५.३ नॅनोफॅरडचा पुरतो. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर हे परवडू लागले. १९७६ साली सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी अशा विभाजकांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या व रस रायली यांच्या नावाचा विभाजक आजही सर्रास वापरला जातो.

तेव्हा पॅसिव्ह संच ‘अ‍ॅक्टिव्ह’ करणे म्हणजे खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर कोंबणे नव्हे. क्रम बदलणे होय. दोन खोकी, प्रत्येकात दोन शंकू, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचे चार चॅनल हवेत. जुना विभाजक काढून जपून ठेवावा. ट्वीटरच्या वाटेत एक मोठा कपॅसिटर राहू द्यावा, म्हणजे संच चालू करतानाचा धक्का त्याला लागत नाही. दोन्ही शंकूंची पातळी मोजून जुळवावी. ती जुळली नाही, तर पहिला संचच बरा होता असे वाटेल.

अ‍ॅम्प्लिफायर टेबलावरच ठेवले, तर बिघडलेला तेवढा बदलता येतो. दुरुस्तीचे दुकान लांब असलेल्या शाळेत ही सोय लहान नाही. आणि संच सुधारला का, हे मुलांकडूनच कळेल. ताक–टाक, साल–शाल अशा जोड्या ध्वनिमुद्रित करून आधी व नंतर ऐकवाव्यात आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांनी काय लिहिले ते पाहावे.