पाण्याखाली दम धरणारा भात

भाताला पाणी लागतं हे खरं, पण पुरात अख्खं रोप आठवडाभर बुडून राहिलं तर बहुतेक वाण मरतात. पाण्यावर डोकं काढायच्या धडपडीत रोप भराभर उंच होतं आणि साठवलेलं अन्न संपवून बसतं. ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या वाणातून निवडलेला 'एफआर १३ ए' मात्र उलट वागतो. तो वाढ थांबवतो, अन्न राखून ठेवतो आणि दोनेक आठवड्यांनी पाणी ओसरलं की पुन्हा वाढू लागतो.

शास्त्रज्ञांना हे कित्येक दशकं माहीत होतं. मग हा गुण लोकप्रिय वाणांत यायला इतका वेळ का लागला? कारण संकर केला की हव्या गुणासोबत नको तेही येतं: कमी उत्पादन, न रुचणारा दाणा. पूर सोसणारे काही वाण तयार झाले, पण शेतकऱ्यांनी ते फारसे स्वीकारले नाहीत.

लाखो ओळींच्या कोडमधली नेमकी ओळ शोधून तेवढीच बदलणं हे माझं रोजचं काम. म्हणून मला पुढचा भाग भारी वाटतो. १९९६ साली केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी दाखवलं की या गुणाचा मोठा वाटा नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेत आहे. तिचं नाव 'सब १'. तिच्या आसपासच्या डीएनएतल्या ओळखीच्या खुणा म्हणजे मार्कर. त्या तपासल्या की कोवळ्या पानावरूनच कळतं, गुण उतरलाय की नाही. रोप बुडवून बघायची गरज उरत नाही.

मग पूर्व भारतात भरपूर पिकणाऱ्या 'स्वर्णा' वाणात हा तुकडा आणला गेला. स्वर्णाशी पुन्हा पुन्हा संकर करताना परका वाटा दर पिढीत सरासरी निम्मा होतो. मार्करमुळे तो त्याहून लवकर गाळता आला. २००९ साली 'स्वर्णा-सब १' भारतात प्रसारित झाला. दाणा स्वर्णाचाच, पूर सोसायची ताकद नवी.

दुष्काळात तग धरण्यासारखे गुण मात्र अनेक जनुकांत विखुरलेले असतात आणि प्रत्येकाचा वाटा छोटा. तिथे एक जागा पकडून भागत नाही. त्यासाठी जीनोमभरचे हजारो मार्कर एकत्र धरून अंदाज बांधतात.

पण दोन्ही पद्धती आधीपासून असलेलंच शोधतात. 'सब १' प्रयोगशाळेत घडलं नाही. पुरातून वाचलेल्या भाताचं बियाणं ओडिशात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं, म्हणून ते सापडलं. असे जुने वाण शेतातून आणि बियाणे बँकेतून नाहीसे झाले, तर मार्कर कितीही असोत, शोधायला काही उरणार नाही.