तालमीचा उंबरठा

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाने मुठी वळून उभे राहू नये, असे आमच्या धाराशिवकडे कोणी तोंडावर बोलत नाही. पण पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ वाचता येते. गेल्या वर्षी मी ते वाचले. शाळांतल्या मुलींसाठी सरकारने राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षणाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुरू केले आहे. त्याचा वर्ग आमच्या पटांगणात भरायचा होता. कराटे शिकवणारा तरुण वेळेवर आला, पण मुली एकमेकींच्या पाठीमागे लपू लागल्या. तेव्हा तो सहज म्हणाला, "बाई, तुम्हीच पुढे उभ्या राहा ना." झाले! पदर खोचला आणि राहिले उभी.

पहिली चूक मुठीपासूनच झाली. मी अंगठा आत घालून मूठ आवळली. तो हसला नाही, हे त्याचे चांगुलपण. त्याने अंगठा बाहेर काढून बोटांवर ठेवायला लावला. आत राहिलेला अंगठा ठोसा मारणाऱ्याचाच मोडतो, म्हणे. पाय रोवणे, गुडघा वाकवणे, हेही कसेबसे जमले. मग तो म्हणाला, "आता ठोशाबरोबर ओरडायचे. पोटातून." इथे मात्र माझे सगळे अडले. हात पुढे गेला, पण आवाज निघेना. वीसएक वर्षे वर्गात "मुलींनो, हळू बोला" असे सांगत आलेल्या माझा गळा त्या दिवशी माझेच ऐकेना.

घरी आल्यावर मला आमच्या गावची तालीम आठवली. मारुतीच्या देवळाला लागून ती होती. हौद्यातल्या लाल मातीत हळद, तेल, लिंबू, ताक घालून पोरे ती खणत. त्यातले ताक पुष्कळदा आमच्याच घरचे असे आणि ते पोहोचवायला मला पाठवीत. चरवी उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि परत फिरायचे. आतून शड्डूचा आवाज यायचा. दंड-बैठका मोजणाऱ्या वस्तादांचा आवाज यायचा. आत मी कधी डोकावलेसुद्धा नाही. तुळजापूरची आमची देवी आठ हातांची, महिषासुराला मारणारी. तिच्या दर्शनाला आम्ही दरवर्षी जातो, पण तिच्या लेकींनी हौद्याचा उंबरा ओलांडलेला कोणाला चालत नव्हता.

हा उंबरा केवळ बायकांपुढेच नव्हता, हे मात्र सांगितले पाहिजे. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे सभेला परवानगी लागे, खाजगी शाळेला लागे आणि तालीम-आखाड्यालाही लागे. चार पोरे लाठी फिरवू लागली की राज्यकर्त्यांना त्यात बंडाचा वास येई. तसा तो खोटाही नव्हता. १९३८ च्या डिसेंबरात संस्थानच्या सीमेपलीकडे, सोलापुरात, आर्य समाजाची मोठी परिषद भरली आणि पुढच्या वर्षी धार्मिक स्वातंत्र्याचा सत्याग्रह झाला. त्याआधीच उमरगा भागातल्या गुंजोटीचे वेदप्रकाश मारले गेले होते. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरच्या वाटेने आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या हाती आला. परवानगीचा तो उंबरा त्या आठवड्यात पुसला गेला. दुसरा मात्र राहिला.

त्या दुसऱ्या उंबऱ्याविषयी विचार करताना मला पुण्याच्या लहुजी साळव्यांची तालीम आठवते. १७९४ ते १८८१ असे दीर्घ आयुष्य लाभलेले हे मातंग वस्ताद. त्यांच्याकडे दांडपट्टा शिकायला जोतीराव फुले जात. आता पाहा, उच्चवर्णीयांच्या पंक्तीत ज्यांना जागा नव्हती, त्यांच्या तालमीत जाऊन एक माळ्याचा तरुण विद्या घेतो आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढतो. दांडपट्ट्यामुळे शाळा निघाली असे मी म्हणत नाही. पण कोणाच्या पायाशी बसून काय शिकायचे, याची लाज ज्याला राहिली नाही, त्यालाच कोणाला शिकवायचे याचीही लाज वाटत नसावी. पुढे फुल्यांच्याच शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. ती लहुजींच्याच घराण्यातली, असे म्हणतात. तिला पट्टा फिरवायला कोणी शिकवला की नाही, कोण जाणे. पण आवाज मात्र तिला सापडला होता.

उंबरा ओलांडणारीचे स्वागत होते असेही नाही. हमीदा बानू नावाची पहिलवान बाई १९४० आणि १९५० च्या दशकांत गाजली. १९५४ मध्ये बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. पुण्यात मात्र एका पुरुष मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती रद्द झाली, आणि शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानामुळे कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात तिच्यावर दगड आले. हरली म्हणून आले असते तर निदान समजले असते!

कराट्याचा मूळ देश ओकिनावा, जपानच्या दक्षिणेकडचा बेटांचा पुंजका. तिथेही ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप, ओळखीच्याच शिष्याला दिली जाई. ती दारे उघडली शाळेने. इतोसू आन्को नावाच्या वृद्ध गुरूने १९०१ च्या सुमारास ती शाळेतल्या मुलांना शिकवायला घेतली. त्यांचा शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ती टोकियोत घेऊन गेला. हा फुनाकोशी पोटापाण्याने प्राथमिक शाळामास्तर होता, हे वाचून मला उगीचच बरे वाटले. पांढरा झगा आणि रंगीत पट्टा हे ज्युदोकडून घेतलेले. ज्युदोची शाळा कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये टोकियोत काढली, तेही हाडाचे शिक्षकच.

आमच्याकडेही माती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. खो-खोत तर इथल्या मुलींनी नाव काढले. सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुरुषांची एक महाराष्ट्र केसरी धाराशिवात झाली. गर्दी होती, बायका कमी होत्या, पण होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा भरला. सातवीतली एक मुलगी, जिचा आवाज मी हजेरी घेताना कधी नीट ऐकला नव्हता, अगदी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तरुणाने "एक" म्हटले. तिने ठोसा मारला आणि इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या खोलीतले मास्तर बाहेर आले. "काय झालं हो बाई?" त्यांनी विचारले. मी "काही नाही" म्हणायला तोंड उघडले, तोच तरुणाने "दोन" म्हटले.