आयपी फोनवरील प्रमाणपत्राच्या त्रुटी

आयपी फोनवरील प्रमाणपत्राच्या त्रुटी : इंटरनेटवरून चालणारा टेबलावरचा फोन आपल्या सर्व्हरशी टीएलएस या सुरक्षित जोडणीने, सहसा 5061 क्रमांकाच्या पोर्टवर, बोलतो. सर्व्हरने पुढे केलेले डिजिटल प्रमाणपत्र फोनला पटले नाही, तर फोनची नोंदणी होत नाही आणि फोन बंद पडल्यासारखा होतो. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन पडताळणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. प्रमाणपत्र पुष्कळदा निर्दोष असते आणि फोनचीच माहिती जुनी झालेली असते. ती सुधारता येते.

पहिली शंका घड्याळाची घ्यावी. अनेक फोनमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की तारीख थेट 1970 सालावर किंवा अशाच एखाद्या जुन्या दिवसावर जाते आणि चालू प्रमाणपत्र ‘अजून लागू न झालेले’ ठरते. म्हणून वीज आल्यानंतर सगळे फोन एकदम रुसले, तर फोनला वेळ पुरवणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता आणि यूडीपी पोर्ट 123 आधी तपासावा. याउलट नवे फोन चालू आणि फक्त जुने बंद, असे दिसले तर संशय फोनमधल्या मूळ (रूट) प्रमाणपत्रांच्या, म्हणजे फोन ज्यांच्यावर भरवसा ठेवतो त्यांच्या, यादीवर घ्यावा. 30 सप्टेंबर 2021 रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स 3’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. त्याच्या आधारावर विश्वास मिळवलेल्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची प्रमाणपत्रे वापरणारे सर्व्हर व्यवस्थित होते, तरीही नवे मूळ ठाऊक नसलेली जुनी उपकरणे त्यांना नाकारू लागली. या उपकरणांना हवे होते ते नवे फर्मवेअर, म्हणजे त्यांची अंगभूत आज्ञावली. ‘संगणकावर तर तेच पान उघडते’ हा पुरावाही पुरेसा नाही: सर्व्हरच्या प्रमाणपत्रापासून मूळ प्रमाणपत्रापर्यंतच्या साखळीतले मधले प्रमाणपत्र सर्व्हरने पाठवले नाही, तरी ब्राउझर बहुधा ते स्वतः मिळवतो, फोन सहसा मिळवत नाही. प्रमाणपत्र डोमेनच्या नावाचे आणि फोनमध्ये मात्र आयपी पत्ता भरलेला, ही चूकही नेहमीची.

फोन कार्यालयाच्या आतल्या जाळ्यात आहेत, मग पडताळणी हवीच कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण एसडीईएस या किल्ली पोहोचवण्याच्या पद्धतीत आवाज कूटबद्ध करणारी किल्ली याच जोडणीतून जाते, आणि फोन सर्व्हरकडून घेतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये खात्याचा पासवर्ड असतो. समोरचा सर्व्हर खरा की तोतया हे न पाहता जोडणी केली, तर दोन्ही तोतयाच्या हाती पडू शकतात. आतल्या जाळ्यात शिरलेल्या एका बाधित संगणकालाही ते जमते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निर्मात्याने फर्मवेअर देणे थांबवलेल्या फोनचे काय? संस्थेने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र तयार करून ते फोनमध्ये चढवावे आणि सर्व्हरला त्याच मुळाचे प्रमाणपत्र द्यावे. ज्या फोनमध्ये हेही जमत नाही, तो बदलावा.

प्रमाणपत्रे अधिक वेळा बदलावी लागणार असल्याने हे प्रसंग पुढे वाढतील. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत 2020 पासून 398 दिवस होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर निर्माते यांच्या ‘सीए/ब्राउझर फोरम’च्या निर्णयानुसार ती 15 मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येणार आहे.