शिखर, गुराखी आणि गवत

चिंचणीच्या ताम्रपटांपैकी दिनेशचंद्र सरकारांनी वाचलेला एक लेख इतिहासाच्या तासाला हमखास निघतो. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मधुमती, म्हणजेच महंमद नावाचा अरब अधिकारी, आणि त्याच्या अनुमतीने देवीच्या मठिकेला मिळालेले दान. किनाऱ्यावरच्या देवीचे दफ्तर असे तांब्यावर कोरलेले आहे. पूर्वेला वाणगाव ओलांडून चारोटीजवळ गेल्यावर महालक्ष्मीचा सुळका दिसतो. तिथल्या देवीचे दफ्तर मात्र पायांनी लिहिले जाते.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री वाघाडीचा आदिवासी पुजारी ध्वज घेऊन शिखरावर चढतो आणि विवळवेढ्याच्या देवळात पंधरा दिवसांची जत्रा भरते. गर्भवती भक्तिणीला चढण झेपेना, म्हणून देवीच पायथ्याशी उतरली, अशी कथा सांगतात. ती उतरली तरी ध्वज वरच लागतो, हे मला कथेहून महत्त्वाचे वाटते.

या डोंगरांच्या कुशीत गुरे राखणाऱ्यांचा देव वाघ. लाकडावर वा दगडावर कोरलेला वाघोबा शिवेवर उभा असतो. वाघबारशीला गुराखी त्याला पुजतात. ज्याची भीती त्यालाच राखणदार नेमणे, ही समजूत कोणत्याही पोथीहून जुनी असावी.

आपले गिर्यारोहक अशेरीवर, काळदुर्गावर जातात, टाकी मोजतात, तटाचे अवशेष शोधतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या गवतातून वाट काढत ते वर पोचतात, त्या गवतालाही इतिहास आहे. या पट्ट्यातले गवत कापून, गठ्ठे बांधून मुंबईला जाई. कापणारा वारली, मालक सावकार. १९४५ साली वारल्यांनी पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मागितले. त्याच लढ्यात १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण आत्मकथनपर साहित्य म्हणून शिकवतो. याच डोंगरउतारांचा इतिहास म्हणून ते फारसे वाचले जात नाही. दुर्गभ्रमंतीच्या टिपणांत तर गवत येते ते केवळ 'वाट सापडेना' या तक्रारीपुरते. आणि ती वाटही बहुधा गुरांनीच पाडलेली असते.